जुन्या टीव्हीला लावलेली स्टिक आणि आबांचं वाचन

२०२३ च्या दिवाळीत आम्ही टीव्हीच्या मागं लावायची, साध्या टीव्हीवर इंटरनेट दाखवणारी स्टिक आणली. ती घेण्याआधी मी पुष्कळांचे अभिप्राय वाचले होते. सगळीकडं एकच माहिती: कुठले पिक्चर दिसतात, मालिका मधेच अडकते का, फोर-के आहे की नाही. मला जे हवं होतं ते कुणी लिहिलेलंच नव्हतं. डोळे अधू झालेल्या माणसाला टीव्हीच्या पडद्यावर इंटरनेटवरचं वाचता येईल का, एवढंच मला विचारायचं होतं. आता दोन वर्षं रोज वापरून झालंय, उत्तर माझ्याकडं आहे, म्हणून लिहितेय. वाचता येतं. पण खोक्यातून काढली, लावली आणि झालं, असं होत नाही. आधी बऱ्याच खटपटी कराव्या लागतात.

घरातलं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी वाईला राहते, ब्लाउज शिवते. माझे सासरे, आबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सगळं आयुष्य छापखान्यात गेलं. कंपोझिटर होते, खिळे म्हणजे छपाईची सुटी अक्षरं जुळवायचे. खिळ्यांच्या पेटीच्या, म्हणजे केसच्या, शेकडो खणांतून हवा तो खिळा न बघता उचलायचे आणि उलटी अक्षरं आपण सुलटी वाचतो तितक्या सहज वाचायचे. ऑफसेट छपाई आली, खिळे भंगारात गेले, तेव्हा ते प्रुफं तपासायला लागले. वाचनाशिवाय त्यांचा एक दिवस गेलेला मी पाहिला नव्हता. सहा वर्षांपूर्वी त्यांना सरळ ओळ वाकडी दिसायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची झीज होतेय. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. काही दिवस भिंग धरून मथळे वाचले, मग तेही सुटलं. मी मशीनवरून उठून वाचून दाखवायचे. पण माझ्या हातात गिऱ्हाइकाचं काम दिसलं की ते पेपर पुढं करायचेच नाहीत, नुसती घडी घालून मांडीवर ठेवायचे. ती घडी बघून मला फार वाईट वाटायचं.

डॉक्टरबाईंनीच सुचवलं होतं, की अक्षर जितकं मोठं आणि ठळक मिळेल तितकं बघा. मोबाइलवर अक्षर मोठं केलं तर ओळीत दोनच शब्द मावायचे आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. मोठ्या टॅबची किंमत विचारून आम्ही गप्प घरी आलो. घरात २०१६ साली घेतलेला ३२ इंची टीव्ही होता. स्मार्ट नाही, साधा एलईडी, मागं एचडीएमआयच्या दोन जागा. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. ती म्हणाली, "आई, स्टिक लावली तर हाच टीव्ही इंटरनेटचा होईल."

स्टिक तीन हजारांच्या आत मिळाली. अँड्रॉइडवर चालणारी आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कुणाची जाहिरात करायची नाही, आणि ज्या अडचणी सांगणार आहे त्या या किमतीच्या जवळपास सगळ्याच स्टिकमध्ये येतात. एक ते दीड जीबी रॅम, आठ जीबी साठवण, त्यातली निम्मी आधीच भरलेली, हे सगळीकडं सारखंच असतं.

खोकं उघडून मी ती आबांच्या हातात दिली. बोटभर लांबीचा काळा तुकडा. "याला काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. स्टिक म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. खिळे ज्यात ओळीनं लावत जायचं त्या हातातल्या पट्टीलाही छापखान्यात स्टिकच म्हणायचे. डाव्या हातात स्टिक, उजव्या हातानं खिळे, अशी त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यांनी ती डाव्याच हातात धरली आणि थोडा वेळ नुसता अंगठा फिरवत बसले.

पहिल्या दिवशी मात्र स्टिक चालेना. सुरू व्हायची, कंपनीचं चिन्ह दाखवायची, बंद पडायची, परत सुरू व्हायची. दुकानात नेऊन बदलून आणायची तयारी केली होती. मग लक्षात आलं, की मी तिची वायर टीव्हीच्याच यूएसबीत खोचली होती. दिसायला ती सोय फार छान, वेगळा प्लग नको, वायर लोंबत नाही. पण जुन्या टीव्हीच्या यूएसबीतून साधारण अर्धा अँपिअर करंट मिळतो आणि स्टिकला लागतो एक. घास अर्धा मिळाला की ती उभीच राहत नाही. खोक्यातला स्वतःचा चार्जर भिंतीतल्या बोर्डाला लावला आणि त्या दिवसापासून एकदाही ती अशी बंद पडलेली नाही. तुमची स्टिक सारखी नव्यानं सुरू होत असेल तर आधी हे बघा, दुकान नंतर.

दुसरी अडचण आबांनी पकडली, आम्हाला दिसलीच नव्हती. मुलीनं एक पान उघडून दिलं तर म्हणाले, "समास कापलाय." खरंच, चारी बाजूंनी बोटभर चित्र पडद्याच्या बाहेर जात होतं आणि ओळीतलं पहिलं अक्षर अर्धं दिसत होतं. सिनेमा बघताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, वाचताना ओळीओळीला खटकतं. जुने टीव्ही आलेलं चित्र जरा फुगवून दाखवतात. त्याचा उपाय स्टिकमध्ये नाही, टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटमध्ये आहे. पिक्चर साइज नावाच्या यादीत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'वन इज टू वन' असं काहीतरी असतं. टीव्हीगणिक नाव बदलतं. ते निवडलं की पान पुरतं दिसतं.

आणि शार्पनेस. हे मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. दुकानातून टीव्ही येतो तेव्हा शार्पनेस वाढवलेला असतो, म्हणजे चित्र टवटवीत दिसतं. पण अक्षराच्या भोवती त्यानं पांढरी झालर तयार होते. आपल्याला ती जाणवत नाही, आबांना प्रत्येक अक्षर दोनदा छापल्यासारखं दिसायचं. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणला, पडद्यामागचा उजेड निम्म्यावर केला, रंगाचं तापमान 'वॉर्म' केलं. खुर्ची टीव्हीपासून चार फुटांवर आणली. आमच्याकडं टीव्ही लांबून बघायची शिस्त, त्यामुळं खुर्ची इतकी पुढं घेताना मलाच अवघडल्यासारखं झालं. पण त्या संध्याकाळी आबांनी कृष्णाकाठच्या घाटांवरचा एक लेख पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मोठ्यानं वाचत होते. मी हातशिलाई करत होते. दोन परिच्छेद झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की सुई थांबलीये.

आता पान उघडायचं कशात, त्याविषयी. फोनवर आपण ज्या ब्राउझरला सरावलोय तो टीव्हीच्या ॲप दुकानात मिळाला नाही. तिथं यूट्यूब मिळतं, सिनेमांची ॲपं ढिगानं मिळतात, पण साधं पान वाचायची सोय शोधावी लागते. विकणाऱ्यांनी धरूनच चाललेलं असतं, की टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला फक्त बघायचंय. मुलीनं टीव्ही ब्रो नावाचा ब्राउझर शोधला. तो फुकट आहे आणि खास टीव्हीसाठी बनवलाय. रिमोटच्या बाणांनी पडद्यावर एक टिकली फिरते, ती पडद्याच्या कडेला नेली की पान सरकतं. आधी हात बसत नाही. आबांना चार दिवस लागले, मला त्याहून जास्त. त्यात अक्षर मोठं करता येतं. वाचायला बसताना आम्ही पानाचं मोबाइलवरचं रूप मागवतो, म्हणजे अक्षर दुप्पट केलं तरी ओळ पडद्याबाहेर पळत नाही, खाली वळते. एका वेळी दोनच पानं उघडी ठेवायची. चौथं पान उघडलं की स्टिक धापा टाकायला लागते आणि ब्राउझर आपला आपण बंद होतो.

आणखी एक गोष्ट सिनेमावाल्यांच्या अभिप्रायात कधी सापडणार नाही. माणूस सावकाश वाचत असेल तर दहा मिनिटं तो रिमोटला हातच लावत नाही. स्टिकला वाटतं, समोर कुणी नाही. मग वाक्याच्या मधोमध डोंगर आणि समुद्राचे फोटो सुरू होतात. आबा बिचारे समजायचे, आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं, आणि हाक मारायलाही संकोचायचे. सेटिंगमध्ये स्क्रीन सेव्हर लांबणीवर टाकता येतो. आम्ही तासावर टाकलाय.

पेपर वाचायचा म्हणून आम्ही ई-पेपर लावून बघितला. तो टीव्हीवर जमत नाही, स्पष्टच सांगते. छापील पानाचं चित्र असतं ते. मोठं करा, डावीकडं सरका, खाली सरका, बातमी पुढच्या कॉलमात गेली की परत वर. रिमोटनं हे करताना बातमीच हरवते. त्याच वर्तमानपत्राची साधी वेबसाइट चांगली, तिथं मजकूर मजकूर म्हणूनच येतो. मधे जाहिराती उड्या मारतात, तेवढं सोसावं लागतं.

सगळ्यात जास्त आनंद कुठं मिळाला विचाराल तर मराठी विश्वकोशात. तो सगळाच्या सगळा वेबसाइटवर आहे, वीसही खंड, फुकट. वाईकराला विश्वकोशाचं काय वाटतं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तो इथं बसून उभा केला. १९७६ साली पहिला खंड आला तेव्हा आबा तिशीच्या उंबरठ्यावर होते. खंड विकत घेणं परवडायचं नाही, म्हणून वाचनालयात उभं राहून पानं चाळायचे, आणि छापणाऱ्याच्या नजरेनं कागद, शाई, जुळणी बघायचे. त्यातल्या बारीक अक्षरांच्या नोंदी आता एक अक्षर बोटभर उंच होऊन त्यांच्यासमोर येतात. पहिल्या आठवड्यात 'वाई' वाचली. मग 'मुद्रण'. ती नोंद मोठी आहे, कितीतरी दिवस चालली. मधेच थांबून मला सांगायचे, अखंड टाइप म्हणजे काय, डिग्रीच्या टाइपात वेलांटी-मात्रा वेगळ्या कशा जोडाव्या लागायच्या. एकवीस वर्षं मी या घरात आहे, त्यांच्या कामातलं एवढं बारीकसारीक मी पहिल्यांदा ऐकलं.

विश्वकोशाची पानं टीव्हीला सोयीची आहेत. मजकूर सलग, उड्या मारणारं काही नाही, स्टिकवर ताण येत नाही. इतर साइट बनवणाऱ्यांनी एकदा आपलं पान टीव्हीवर उघडून बघावं, असं मला फार वाटतं.

आबांची एक तक्रार मात्र दोन वर्षांत मिटलेली नाही. स्टिकच्या मेन्यूतला ल आणि श. मराठीत आपण पाकळीचा ल आणि देठाचा श शिकलो, सरकारी आदेशातही मराठीसाठी हीच रूपं सांगितली आहेत. पडद्यावर मात्र हिंदीत छापतात तसला दांडीचा ल आणि गाठीचा श येतो. भाषा मराठी निवडली तरी तेच. आपल्यातल्या बहुतेकांना फरक दिसणारही नाही. आबांना धूसर नजरेनंही दिसतो. "खिळा चुकीच्या खणातला उचललाय," म्हणतात. हे घरी दुरुस्त करायचा मार्ग आम्हाला सापडला नाही. टाइप बनवणाऱ्यांकडं मराठीची रूपं असतातच, ती मराठी निवडणाऱ्याला मिळायला हवीत. ही मागणी मी मनापासून करतेय, कारण अधू नजरेचा माणूस अक्षर त्याच्या ओळखीच्या आकारावरूनच पकडतो. आकार बदलला की तो अडखळतो.

टायपिंग ही टीव्हीची खरी दुखरी जागा. रिमोटनं एकेक अक्षर निवडून 'ज्ञानेश्वरी' लिहून बघा, म्हणजे कळेल. आधी ज शोधा, मग हलन्त, मग ञ. पडद्यावरच्या कीबोर्डमध्ये मराठी होती, पण एक शब्द लिहीपर्यंत चहा गार व्हायचा. मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी टीव्हीवरच्या इंटरनेटचा इतिहास शोधला, तेव्हा तिला कळलं, की ही अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे. अमेरिकेत १९९६ साली वेबटीव्ही नावाची पेटी निघाली. सोनी आणि फिलिप्स ती विकायचे. टेलिफोनची तार जोडायची, टीव्हीला लावायची, की घरात कॉम्प्युटर नसला तरी पानं बघता यायची, ईमेल करता यायचा. कीबोर्ड मात्र वेगळे पैसे देऊन घ्यावा लागायचा. पुढच्याच वर्षी ती कंपनी मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली, पुढं नाव बदलून एमएसएन टीव्ही झालं आणि २०१३ साली सेवा बंद झाली. आई, तेव्हाही कीबोर्ड वेगळाच घ्यावा लागायचा, हे ती मला तीनदा सांगत होती, कारण आमच्या कीबोर्डचे पैसे तेव्हा मीच अडवून धरले होते.

शेवटी घेतला. बिनतारी, उजव्या कोपऱ्यात बोट फिरवायची पाटी असलेला. घ्या, कंजुषी करू नका. निम्मा त्रास तिथं संपतो. आणि ज्यांना घ्यायचा नाही त्यांनी फोनवर टीव्हीच्या रिमोटचं ॲप उतरवावं. टीव्हीवर लिहायची चौकट उघडली की फोनवर आपला नेहमीचा मराठी कीबोर्ड येतो, माइक दाबून बोललं तरी लिहिलं जातं. दोन्ही एकाच वायफायवर हवेत, एवढीच अट.

वायफायवरून आठवलं. आमचा वाडा जुना, भिंती दीड-दोन हात जाडीच्या. केबलवाल्यानं फायबर ओढून दिली पण राउटर बसवला दारातल्या खोलीत, कारण त्याची वायर तेवढीच होती. टीव्ही माजघरात. वर स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून, म्हणजे एका बाजूनं माती-विटांची भिंत आणि दुसरीकडून टीव्हीचा पत्रा. संध्याकाळी चित्र अडकायचं. खोक्यात एचडीएमआयची वीतभर जोडवायर येते, ती आम्ही निरुपयोगी समजून ड्रॉवरमध्ये टाकली होती. ती लावून स्टिक टीव्हीच्या आडोशातून जरा बाहेर आणली, आणि राउटरच्या दोन नावांपैकी ५ जी लिहिलेलं सोडून दुसरं, २.४ वालं निवडलं. ५ जीचा वेग जास्त, पण जाड भिंतीपलीकडं ते दमतं. तेवढ्यावर भागलं. राउटरला लहानसा यूपीएसही लावलाय. लाइट गेली की टीव्ही जातोच, पण परत आल्यावर राउटर सुरू होण्याची वाट बघावी लागत नाही.

माझा स्वतःचा फायदा मी धरलाच नव्हता. दुपारी आबा झोपले की टीव्ही माझा. मशीन टीव्हीच्या समोरच आहे. यूट्यूबवर कटिंगचे व्हिडिओ मी आधी फोनवर बघायचे, फोन मशीनला टेकवून, आणि दर दोन मिनिटांनी कात्री खाली ठेवून बोटानं मागं घ्यायचे. मोठ्या पडद्यावर प्रिन्सेस कटचा आर्महोलपासूनचा वळसा कुठून सुरू होतो, खडूची खूण शिलाईच्या रेषेवर आहे की कटिंगच्या, हे नीट दिसतं. वेग अर्ध्यावर आणता येतो. रिमोट मी मशीनच्या फळीवर, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते, खडूची भुकटी लागू नये म्हणून. मागच्या लग्नसराईत एका मुलीनं पाठीला बोटनेकचा आणि जाळीचा एक प्रकार फोनवर दाखवला. तोच व्हिडिओ मी टीव्हीवर लावला, तिलाच समोर बसवलं, आणि गळा किती खोल हवा, जाळी कुठं संपायला हवी, हे पडद्यावर बोट ठेवून आम्ही ठरवलं. ब्लाउज एकदाही उसवावा लागला नाही. तेव्हापासून गिऱ्हाईक डिझाइन सांगायला आलं की मी टीव्हीच लावते.

मुलगी आता दहावीत. बालभारतीची सगळी पुस्तकं वेबसाइटवर पीडीएफ म्हणून फुकट मिळतात. भूगोलाचे नकाशे टीव्हीवर बघायला फार चांगले, पण ब्राउझरमध्ये पीडीएफ थेट उघडत नाही, आधी उतरवा, मग दुसऱ्या ॲपमध्ये उघडा, आणि आठ जीबीची स्टिक लगेच भरते. ती फोनवर उघडून फोनचा पडदाच टीव्हीवर टाकते. पुस्तकातल्या क्यूआर कोडचंही तसंच, फोननं टिपायचा आणि दीक्षा या सरकारी शिक्षणाच्या ॲपवरचा धडा टीव्हीवर पाठवायचा. अभ्यासासाठी म्हणाल तर स्टिकपेक्षा फोनच काम करतो, टीव्ही नुसता फळा होतो. फळाही लागतोच म्हणा.

सातबारा, बँक, कुठलीही ओळखपत्राची कामं टीव्हीवर करू नका. एकदा आम्ही सातबारा बघायला बसलो. गट नंबर लिहिला, मोबाइल नंबर लिहिला, वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहिली, आणि तेवढ्यात शेजारच्या दोघी ब्लाउज न्यायला आल्या. नंबर, नावं, सगळं ३२ इंचांवर मांडलेलं. असलं काम फोनवर, पाठ फिरवून करावं. आणि स्टिकमध्ये खरेदीला पिन लावून ठेवा, नाहीतर रिमोट भलत्या जागी दाबला जाऊन वर्गणी चालू होते.

'सगळे चॅनेल कायमचे फुकट' म्हणून विकतात त्या बिननावाच्या पेट्या मात्र घरात आणू नका. आमच्या नात्यातल्या एकांनी आणली, स्वस्त पडली म्हणून सगळ्यांना सांगत होते. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनंच लोकांना सावध केलं, की अशा कितीतरी अँड्रॉइड पेट्यांमध्ये कारखान्यातूनच, किंवा पहिल्यांदा जोडताना, घातक प्रोग्रॅम घुसवलेला असतो. तुमच्या घरातलं इंटरनेट वापरून दुसरेच लोक वाईट कामं करतात आणि पत्ता तुमचा दिसतो. त्या प्रकाराला बॅडबॉक्स असं नाव आहे. स्टिक घेताना गूगलच्या प्ले प्रोटेक्टचं प्रमाणपत्र आहे का तेवढं विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर दुसरं दुकान बघा.

खर्चाचं बोलायचं तर स्टिक, कीबोर्ड आणि राउटरचा छोटा यूपीएस मिळून पाच हजारांच्या आसपास गेले. त्यात महिन्याचं फायबर. फोनच्या हॉटस्पॉटवर हे चालवायच्या भानगडीत पडू नका. नुसतं वाचायला भागेल, पण दीड जीबीचा रोजचा पॅक एका सिनेमात उडतो. ज्यांच्याकडं आधीच स्मार्ट टीव्ही आहे त्यांनी आधी त्यातलाच ब्राउझर बघावा. पण चार-पाच वर्षं झालेल्या स्मार्ट टीव्हीत पुष्कळदा नवीन पानं नीट उघडत नाहीत, कारण त्यातलं सॉफ्टवेअर नवं करणं कंपनीनं थांबवलेलं असतं. टीव्ही बदलायच्या आधी स्टिक लावून बघा. काच आणि उजेड चांगला असेल तर तो टीव्ही अजून पुष्कळ वर्षं चालेल.

पाचपैकी किती द्यायचे ते मला ठरवता येत नाही. टायपिंगला एक देईन, अभ्यासाला तीन, माझ्या शिलाईला पाच. आबांच्या वाचनाला तर पाचात मावत नाही. नजर अजून उतरतेच आहे. गेल्या वर्षी अक्षर दुप्पट लागायचं, आता तिप्पट लागतं. त्यांनी खुर्ची स्वतःच आणखी अर्धा फूट पुढं ओढलीये. सध्या क पासूनच्या नोंदी चालल्यात. रोज रात्री जेवणानंतर ते किती ओळी झाल्या ते मोजून ठेवतात, जुळणीचे पैसे ओळीवर मिळायचे तेव्हा मोजायचे तशाच. काल एकशेदहा झाल्या.